हलवा ढवळायला नातवंडांना बोलवा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी मागेन दाविद आदोमची ॲम्ब्युलन्स आली असेल. मोठ्या माणसाच्या मागून एखादा पोरगा किंवा पोरगी औषधांची जड पिशवी घेऊन जिना चढते. वय पंधरा-सोळा. आपण मनात म्हणतो, हे पोर काय करणार? पण ते पोर शांतपणे आपली बाही वर करते, ब्लड प्रेशरचा पट्टा बांधते आणि आकडा वाचून सांगते. ही मुले स्वयंसेवक असतात. पंधराव्या वर्षापासून त्यांना घेतात, ६० तासांचा कोर्स होतो आणि मग ती गाडीवर जातात. तेच पोर घरी जेवून उठले की त्याचे ताट मात्र आई उचलते!

आम्ही सारी नोकरी या वयाच्या मुलांना वर्कशॉपमध्ये शिकवण्यात घालवली, आधी मुंबईत आणि नंतर इथे नेगेवमध्ये. इथली मुले आम्हाला 'मोरे' म्हणत. (भारतातून आलेल्या एका पाहुण्यांना ते आमचे आडनावच वाटले. मोरे म्हणजे हिब्रूत शिक्षक, हे त्यांना परत जाताना कळले.) मुलांना वळण कसे लागते, असे आम्हाला लोक अजून विचारतात. बोलून फारसे लागत नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. आम्ही बोलून पुष्कळ पाहिले.

वर्कशॉपमध्ये पहिले काही आठवडे मुलाला लोखंडाचा एक तुकडा, एक कानस आणि एक गुण्या मिळतो. तुकड्याच्या बाजू घासून सपाट करायच्या आणि कोपरे काटकोनात आणायचे, एवढेच काम. झाले असे वाटले की गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. मध्ये फट असेल तर उजेड दिसतो. सुरुवातीला मुलगा म्हणतो कानस बोथट आहे, मग म्हणतो व्हाइस हलतो, मग शेजारच्याने धक्का दिला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस तो कोणालाही न बोलावता स्वतःच तुकडा उजेडाकडे धरतो, मान हलवतो आणि पुन्हा घासायला लागतो. आमच्या मते चांगले वळण म्हणतात ते तिथे सुरू होते. या वयात आईने किंवा मास्तरांनी चूक दाखवली तर मुलाला अपमान वाटतो. फटीतून आलेल्या उजेडाचा राग कोणावर काढणार? चूक समोर दिसते आणि ती सुधारायला कानसही हातातच असते.

हे सगळे माहीत असूनही आम्ही एकदा मोठी चूक केली. आमच्या वर्गात एक मुलगा होता, घरची परिस्थिती नाजूक, हात जरा मंद. तपासणीला बाहेरून माणसे येणार होती आणि त्याचा तुकडा वाकडाच होता. आम्हाला त्याची दया आली. आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही स्वतः बसून तो घासून दिला. दुसऱ्या दिवशी त्याला चांगले मार्क मिळाले. त्याने तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि आमच्या टेबलावर ठेवला. "हा तुमचा आहे, मोरे," एवढेच बोलला. त्यानंतर तो वर्कशॉपमध्ये यायचा, पण मनापासून काही केले नाही. वर्ष संपल्यावर शाळाच सोडून गेला. त्याला हात मंद असल्याचे दुःख नव्हते. त्याच्याकडून हे होणार नाही असे आम्ही ठरवून टाकले, हे त्याला कळले होते.

मुलांच्या हाताला काम देण्याची कल्पना काही आमची नव्हे. मुलाला धंदा शिकवणे हे बापाचे कर्तव्य मानले आहे, आणि तालमुदात काहींनी त्यात पोहणेही घातले आहे. पाण्यातही मुलाच्या वतीने दुसऱ्याने हातपाय मारून चालत नाही. कोकणात आपले बापजादे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे मुंबईत हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि आपली माणसे शिकून कचेऱ्यांत, रेल्वेत, इस्पितळांत गेली. हे फार मोठे काम झाले. पण आमच्या पिढीपर्यंत टेबल-खुर्चीची नोकरी म्हणजेच शिक्षण, असे घरोघरी होऊन बसले. १८८० साली रशियात स्थापन झालेली ओर्ट संस्था १९६० च्या दशकात मुंबईत आली आणि आपल्या मुलांना हातातले हुन्नर शिकवू लागली, तेव्हा काही आयांना ते कमीपणाचे वाटले होते. इथे आल्यावर त्याच हुन्नरावर कित्येकांची चूल पेटली.

इथल्या शाळांत दहावीपासून मुलांना समाजसेवेचे ठरावीक तास भरावे लागतात. योजना चांगली, पण कागदावर सही मिळाली की संपले, असे करणारीही मुले आहेत. कामाला खरी गरज हवी. ते बिघडले तर कोणाची तरी पंचाईत व्हायला हवी, तरच मूल जिवाचे कान करून करते.

अशी कामे आजी-आजोबांकडे भरपूर असतात. आमचेच सांगतो. आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ हवी होती. कुपत खोलीमचे सगळे आता फोनवर. नातवाला सांगितले, हे काम तुझे. त्याने दोन मिनिटांत वेळ घेतली. आम्ही दोघे गेलो, तर वेळ आमच्या बीरशेवाच्या दवाखान्यात नव्हती, अश्कलोनला होती! सून म्हणाली, "पापा, द्या इकडे, मी करते." आम्ही म्हणालो, नाही, तोच करील. फोनवर चाळीस मिनिटे गाणे ऐकत बसला बिचारा. नवी वेळ तीन आठवड्यांनी मिळाली आणि तेवढे दिवस आम्ही अंधुक डोळ्यांनी काढले. आम्ही त्याला एक शब्द बोललो नाही, आणि हे फार जड गेले, हेही कबूल करतो. त्या दिवशी तो स्वतः आमच्याबरोबर आला. बसमध्ये चढण्यापूर्वी त्याने दवाखान्याचा पत्ता दोनदा वाचला.

स्वयंपाकघरातही तेच. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा आपल्या भगिनींना सांगायला नको. चीक, नारळाचे दूध, साखर, आणि कडेने सुटेपर्यंत ढवळणे. मध्येच टेलिफोन बघायला गेले की तळाला लागतो. पंधरा वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली शाळा आम्हाला माहीत नाही, मात्र आजीने दुसऱ्या खोलीत बसले पाहिजे. आमच्या घरी हे सर्वांत कठीण ठरले. वास आला की ती उठायची आणि आम्ही तिला हाताला धरून बसवायचो.

गेल्या वर्षी हलवा तळाला लागलाच. वड्या जरा काळपट झाल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, कोणी काही बोलले नाही, आणि नातवाने स्वतःच दोन उरलेल्या वड्या बाजूला सारल्या. यंदा सणाला अजून महिना आहे, पण परवा त्याचा फोन आला. विचारत होता, "साबा, सावताकडे जाड बुडाचे पातेले आहे का?"