इंजिन थांबले तरी विमान वैमानिकाच्या हातात असते

गोंदियाजवळचे बिरसी विमानतळ ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधले. अलीकडच्या वर्षांत ते वैमानिक घडवण्यासाठी ओळखले जाऊ लागले. एका इंजिनाची डीए-४० सारखी छोटी विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालताना दिसली, की खालच्या माणसाच्या मनात सहज येते : एकच इंजिन, आणि तेच बंद पडले तर? तर विमान कोसळणारच, असे बहुतेकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. इंजिन थांबणे गंभीर खरे, पण त्यात जीव वाचणार की जाणार हे बरेचसे त्यानंतरच्या एक-दोन मिनिटांतल्या निर्णयांवर ठरते, आणि ते निर्णय शिकवता येतात.

विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिनाचे काम वेग देण्याचे. इंजिन थांबल्यावर वैमानिक नाक किंचित खाली करतो आणि उंची खर्चून वेग टिकवतो. उतारावर पायडल न मारताही सायकल चालत राहते, तसेच हे. सेस्ना १५२ सारखे प्रशिक्षण विमान ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने असे तरंगत एक हजार फूट उंचीवरून साधारण अडीच किलोमीटर पुढे जाऊ शकते. हाताशी वेळ असतो जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात वेग सांभाळायचा, शेत निवडायचे, इंधनाची कळ आणि इंजिन थांबण्याची इतर नेहमीची कारणे तपासायची, रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा इशारा पुकारायचा आणि टेकण्याआधी इंधन व वीज बंद करायची. क्रमही महत्त्वाचा आहे. रेडिओच्या नादात वेग गमावला, तर पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, आणि मग विमान खरोखरच कोसळते.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या शिकाऊ वैमानिक तरुणीच्या सेस्ना १५२ ची शक्ती गेली आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात तिला उतरावे लागले. विमानाची मोडतोड झाली. तिचे मात्र किरकोळ जखमांवर निभावले. असे नाइलाजाने उतरणे, म्हणजे फोर्स्ड लँडिंग, यशस्वी झाले की नाही, हे माणूस वाचला का याच मापाने मोजायला हवे. विमान वाचवण्याच्या मोहाने, विशेषतः उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले असताना, धावपट्टीकडे मागे वळू पाहणारे अनेक वैमानिक जगभर प्राणाला मुकले आहेत, कारण कमी उंचीवरच्या वळणात उंचीही जाते आणि वेगही. समोरच्या शेतात, वारा येतो त्या दिशेला तोंड करून, कमीत कमी वेगाने टेकणे त्यापेक्षा सुरक्षित. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटर वेगाने टेकल्यास ती जवळजवळ दुप्पट होते.

यावर गोंदियाचा माणूस विचारेल, की इथे सपाट माळ आहे कुठे? आक्षेप रास्त आहे. एकीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, दुसरीकडे तलाव-बोड्या. पावसाळ्यात बांध्यांमध्ये चिखल, जिथे पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते. पण म्हणूनच उंचीचे मोल इथे अधिक. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशच्या सीमेवर नदीपात्रावरील तारेला धडकले आणि प्रशिक्षक व शिकाऊ दोघेही दगावले. तो अपघात इंजिन थांबल्याचा नव्हता, तरी धडा तोच सांगतो : खाली उडणाऱ्याला चूक सुधारायला वेळच उरत नाही. भूप्रदेश बदलता येत नाही. पण उड्डाणाआधी मार्गावरची कोरडी शेते हेरून ठेवणे आणि पुरेशी उंची राखणे हातात आहे.

दुसरा आक्षेप असा, की इंजिन बंदच पडू नये म्हणून सारे बळ देखभालीवर का लावू नये? देखभालीत तडजोड नकोच. मात्र इंधन संपणे किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणे ही कारणे निर्दोष इंजिनालाही थांबवतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यू यॉर्कला पक्ष्यांच्या धडकेने एअरबसच्या दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. विमान हडसन नदीत उतरवले गेले आणि सर्व १५५ जण वाचले. तिथे देखभालीचा दोष नव्हता. तारले ते शांतपणे घेतलेल्या निर्णयांनी. म्हणून बिरसीसारख्या केंद्रांत इंजिनाविना उतरण्याचा सराव परीक्षेपुरता न राहता सवयीचा व्हायला हवा, आणि शेतात विमान उतरवणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला आधी शाबासकी मिळायला हवी, चौकशी त्यानंतर. मोडलेल्या विमानाचा जाब आधी मागितला, तर पुढचा विद्यार्थी विमान वाचवायला मागे वळेल.