मुंगीचं बिऱ्हाड हलवताना

माझ्या एका जुन्या कचेरीत जावाच्या प्रकल्पाची, 'अँट' या बिल्ड साधनाची फाईल दोन हजार ओळींच्या वर गेली होती. ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. तिच्यातलं 'डिस्ट-नवीन-२' हे टार्गेट काढून टाकायची कुणाची छाती होत नव्हती. शेजारी 'लिब' फोल्डर, त्यात शंभरेक जार फाईली. बहुतेकींच्या नावात आवृत्तीचा आकडाही नाही.

तरी अँटला, म्हणजे या मुंगीला, नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. त्याआधीचं 'मेक' स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते, स्पेस चालत नाही. आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच! 'टॉमकॅट' हा जावा सर्व्हर घडवणारे जेम्स डंकन डेव्हिडसन या जाचाला कंटाळले, त्यातून अँट आलं. २००० साली ते टॉमकॅटपासून वेगळं होऊन लोकांच्या हाती पडलं. फोल्डर बनव, कंपाइल कर, जार बांध. सांगाल ते निमूट करणार. पण पायरीन् पायरी आपणच सांगायची, म्हणून घरोघरी निराळी रीत.

टॉमकॅट आणि अँट सांभाळणाऱ्या अपाचेच्याच टर्बाइन प्रकल्पात हा वैताग साचला होता. जेसन व्हॅन झिल यांनी तिथे सुरू केलेलं मेव्हन २००४ मध्ये १.० झालं, पुढच्या वर्षी २.०. इथे पायऱ्या सांगायच्या नसतात, प्रकल्पाची ओळख सांगायची: गट, नाव, आवृत्ती, कुणाकुणावर अवलंबून. क्रम ठरलेला. 'पॅकेज' म्हटलं की आधी कंपाइल, मग चाचण्या. चाचणी नापास झाली तर जार बनत नाही. आपल्याकडे संस्कार सोळा, मेव्हनच्या मुख्य जीवनचक्रात टप्पे २३.

आम्ही अँटवरून मेव्हनवर जायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, ही ओळख लिहायची नवी पॉम फाईल अवघड जाईल. ती दोन दिवसांत झाली. महिना गेला तो लिबमधल्या जार ओळखण्यात. प्रत्येकीचा शा-१ ठसा काढायचा, मेव्हन सेंट्रलच्या भांडारात तो जुळतो का ते पाहायचं. बऱ्याच जुळल्या. एक काही केल्या जुळेना. उघडून पाहिली तर आतला एक क्लास कुणीतरी बदलून पुन्हा बांधलेला! का, ते कुठेच नोंदलेलं नाही. ग्राहकाचं बिल वर्षानुवर्षं त्याच क्लासमधून निघत होतं. ही जार कुठल्या आवृत्तीची, ते अँटने कधी विचारलं नाही. मेव्हन मात्र आवृत्ती सांगितल्याशिवाय पुढे सरकेना. माझ्या मते स्थलांतराचा खरा मोबदला हाच, वेळ वाचतो वगैरे नंतरचं.

कोड मेव्हनच्या ठरलेल्या 'एसआरसी/मेन/जावा' फोल्डरात हलवताना थोडी कुरकुर झाली, ती विरली. 'डिस्ट-नवीन-२' मात्र कुणालाच उलगडलं नाही. अँटची कामं मेव्हनच्या आतून चालवणारं अँटरन नावाचं प्लगइन आहे. ते टार्गेट त्यातून जसंच्या तसं चालू ठेवलं.