घरच्या गव्हाचा पाव

आमच्या पुष्कळ बागाईतदार बंधूंच्या घरीं गव्हाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते आणि सकाळच्या चहाबरोबर मात्र तालुक्याच्या बेकरींतील मैद्याचा पाव येतो. गहू आपण विकावयाचा, त्यांतील कोंडा व अंकुर दुसऱ्यानें काढून घ्यावयाचा, आणि उरलेला पांढरा भाग आपणच दाम देऊन परत आणावयाचा, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणतां येणार नाहीं. घरीं पाव करणें फारसें अवघड नाहीं. परंतु पहिला पाव दगडासारखा निघाला कीं बहुतेक लोक तो नाद सोडून देतात. तो तसा कां निघतो याचीं निम्मीं कारणें स्वयंपाकघरांत व निम्मीं शेतांत असतात. म्हणून या विषयाची थोडी फोड येथें करण्याचें योजिलें आहे.

पाव हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला. गोव्यांतील पोदेर लोक माडाची सूर घालून कणीक फुगवीत असत. पुढें मुंबईंत पाव सर्रास मिळूं लागला, तरी वरिष्ठ म्हणविणाऱ्या ज्ञातींत तो निषिद्धच होता; इतका कीं, इ. स. १८४९ मध्यें स्थापन झालेल्या परमहंस सभेंत नव्या सभासदानें ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणें ही जातिभेद मोडल्याची खूण समजली जाई. आतां तो प्रश्न उरला नाहीं. प्रश्न उरला आहे तो कृतीचा.

पाव फुगतो तो दोन गोष्टींच्या मेळानें. यीस्ट हे सूक्ष्म जीव पिठांतील साखर खाऊन कर्बवायु सोडतात, आणि गव्हांतील ग्लुटेन नांवाचा चिवट भाग तो वायु फुग्याप्रमाणें कोंडून धरतो. कुरडयांसाठीं गहू भिजवून चीक काढल्यावर जो चिवट चोथा हातांत राहतो, त्यांत कोंड्याबरोबर हेंच ग्लुटेन असतें. ज्वारी-बाजरींत तें नाहीं. म्हणून त्यांची भाकरी होते, असा पाव होत नाहीं.

आतां गहू कोणता घ्यावा? बन्सी गव्हाचें ग्लुटेन घट्ट असतें, पण ताणलें असतां फारसें पसरत नाहीं. तो रवा व शेवयांस उत्तम, पावास मध्यम. खपलीचें ग्लुटेन नाजूक. तिची पुरणपोळी करावी, पाव करूं नये. पावास शरबती जातीचा साधा गहूच योग्य. गुजराथेंतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेंतून आलेला व आपल्याकडे लोकवन या नांवानें रूढ झालेला गहू, तसेच निफाडच्या कृषि संशोधन केंद्राचे त्र्यंबक व तपोवन हे वाण या वर्गांतले होत. निफाडचेच पंचवटी व गोदावरी हे बन्सी वर्गांतले. नांवाच्या घोटाळ्यानें ते पावासाठीं दळूं नयेत.

वाण चांगला असूनहि दाणा बिघडलेला असूं शकतो. नत्र कमी पडलेल्या पिकाच्या दाण्यावर पिवळट, पिठूळ डाग दिसतात; अशा दाण्यांत ग्लुटेन कमी असतें. काढणीच्या वेळीं अवकाळी पावसांत सांपडून कोंब फुटूं लागलेला गहू तर पावासाठीं मुळींच घेऊं नये. त्यांतील पिष्टाची साखर होऊं लागलेली असते, व पाव कितीहि भाजला तरी आंतून चिकट व ओला राहतो. अंकुरांतील तेलामुळें कोंड्यासहित पीठ लवकर खवट होतें. म्हणून आठवड्यास पुरेल इतकेंच दळून आणावें. ही सोय गहू घरीं असणारालाच आहे.

कृति अशी. बारीक दळलेलें पीठ चाळून जाड कोंडा काढावा. ५०० ग्रॅम पिठास पाणी सुमारें ३५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कोरडें यीस्ट ५ ग्रॅम, गूळ १० ग्रॅम व तेल १५ ग्रॅम घ्यावें. नवशिक्यानें पहिल्या खेपेस पिठाचा चौथा हिस्सा मैदा घेतल्यास यश लवकर येतें. पाणी हातास कोमट लागेल एवढेंच असावें. कढत पाण्यानें यीस्ट मरतें. सर्व एकत्र कालवून अर्धा तास झांकून ठेवावें, म्हणजे कोंडा पाणी पितो. नंतर १० ते १२ मिनिटें तिंबावें. चिमूटभर कणीक हळूहळू ताणली असतां न फाटतां पातळ पडदा झाला, कीं तिंबणें पुरें झालें. कणीक पोळीच्या कणकेहून सैल असावी. हाताला चिकटते म्हणून वर पीठ घालीत जाणें हीच नवशिक्यांची मुख्य चूक होय.

मग ती झांकून दुपटीच्या जवळ येईपर्यंत ठेवावी. चैत्र-वैशाखांत यास तासाहून कमी वेळ लागतो, पौषांत दोन तासहि लागतात. म्हणून घड्याळाकडे न पाहतां कणकेकडे पाहावें. नंतर दाबून वायु काढावा, वळकटी करून तेल लावलेल्या डब्यांत अर्ध्याहून थोडी वर भरावी, व पुन्हां पाऊण तास फुगूं द्यावी. बोटानें दाबलेला खळगा सावकाश भरून येऊं लागला कीं भाजावयास घ्यावी. खळगा तसाच राहिल्यास वेळ टळली असें समजावें. असा पाव भट्टींत खचतो.

विजेच्या भट्टींत २०० अंश सेंटिग्रेडवर ३५ ते ४० मिनिटें पुरतात. भट्टी नसल्यास बिडाचें जाड पातेलें चुलीवर चांगलें तापवून, आंत तिवईवर डबा ठेवावा, झांकण घालून त्यावर खालच्यापेक्षां अधिक निखारे ठेवावे. पाव उलटून बुडावर टिचकी मारली असतां पोकळ आवाज आला कीं तो झाला. मात्र तासभर निवाल्यावांचून कापूं नये. गरम कापलेला पाव आंतून गिच्च लागतो व कच्चा राहिल्याचा भ्रम होतो.

पाव घट्ट झाला तर पाणी कमी पडलें, किंवा फुगण्यास वेळ कमी मिळाला. आंबट झाला तर वेळ अधिक झाला. प्रत्येक खेपेस एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपून ठेवावी, म्हणजे दोष कोठें आहे तें कळतें. आपल्या गव्हाचा गुण आजवर आपणांस व्यापाऱ्याच्या तोंडून कळत आला. पाव करूं लागलेल्या घरास तो आपल्या हातानें कळूं लागेल, आणि पुढील हंगामाचें बियाणें निवडतांना हें ज्ञान उपयोगीं पडल्यावांचून राहणार नाहीं.