डबा पोचला का?

गावाहून एसटीने डबा आला की स्वारगेटला आपण आधी काय बघतो? चिवडा की लाडू? छे! आधी चिठ्ठीवरचं नाव. नाव पुसलं असेल तर डबा दुसऱ्याच्या पोटात गेलाच म्हणून समजा! आपल्या पेशीतही असाच कारभार चालतो. मला तो कळला माझ्या आजीमुळे.

मार्च २०२१. मी अकरावीला, घरीच. साठीपुढच्यांना लस सुरू झाली होती. आमच्याकडे आली कोविशिल्ड, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली. आजीने विचारलं, "सुईतून नेमकं काय जातं रे?" मी म्हणालो, "औषध." ती म्हणाली, "तुला सांगता येत नाही, ते मी टोचून कशाला घेऊ?" शेवटी शेजारच्या काकू निघाल्या म्हणून ती गेली, माझ्यामुळे नाही. ते मनाला लागलं. तर हे घ्या, उशिराचं उत्तर.

कोविशिल्डमध्ये कोरोनाचा विषाणू नव्हताच. होता चिंपांझीच्या सर्दीचा एक विषाणू, वाढू न शकेल असा केलेला. त्याच्या पोटात कोरोनाच्या अंगावरच्या काट्याची, म्हणजे स्पाइक प्रथिनाची, फक्त 'रेसिपी' (डीएनए). ती पेशीच्या केंद्रकात जाते, तिची आरएनए प्रत बाहेर येते आणि रायबोसोम प्रथिन विणायला लागतो.

पण हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पोचायला हवं. कसं? प्रथिनाच्या सुरुवातीलाच साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. हीच पत्त्याची चिठ्ठी! लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनी स्पाइकला आपल्याच शरीरातल्या 'टीपीए' नावाच्या प्रथिनाची चिठ्ठी मुद्दाम जोडली होती. चिठ्ठी बाहेर डोकावली की एक कण ती पकडतो, विणकाम थांबवतो आणि रायबोसोमला आंतर्द्रव्यजालिकेच्या दाराशी नेतो. तिथे विणकाम पुन्हा सुरू होतं, धागा दारातून आत सरकतो आणि चिठ्ठी कापली जाते. प्रथिनांच्या अंगातच पत्ता असतो, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

आत प्रथिनाची घडी बसते, त्यावर साखरेचे रेणू चढतात. मग पटलाचाच फुगा सुटतो, त्याला म्हणतात पुटिका. हीच आपली एसटी! ती गॉल्गी संकुलात जाते. तिथे डागडुजी, वर्गवारी आणि पुढची गाडी. गाडी चुकीच्या थांब्यावर का रिकामी होत नाही? पुटिकेवर आणि मुक्कामाच्या पटलावर जुळणारी 'स्नेअर' प्रथिनं असतात. ती एकमेकींत पीळ घेतात, तेव्हाच दोन पटलं एक होतात. पुटिकांच्या या वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्युडोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

एवढा प्रवास झाला की काटा पेशीवर उभा राहतो, रोगप्रतिकारक पेशी त्याला ओळखून ठेवतात आणि प्रतिपिंडं तयार होऊ लागतात.

दिवाळीत हे सगळं आजीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "घडी बिघडली तर?" म्हटलं, "मग ते प्रथिन पहिल्याच नाक्यावर अडवतात आणि मोडून टाकतात. पुढे जाऊच देत नाहीत."

आजी म्हणाली, "हे तुमच्या मेसवाल्याला कुणीतरी शिकवा रे!"