थायरॉक्सिनची मात्रा आणि न शमणारी लक्षणे

थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथी मंदावली, तर तिच्या स्रावाची उणीव बाहेरून भरून काढावी, ही कल्पना दिसावयास सोपी आहे. १८९१ मध्ये मरे याने इंग्लंडात मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून या उपचाराचा पाया घातला. १९१४ मध्ये केंडॉल याने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी त्याचे संश्लेषण प्रसिद्ध केले. आज हे औषध शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीही सहज मिळते. तथापि गोळी नियमाने घेऊनही थकवा, बद्धकोष्ठ, औदासीन्य, केस गळणे किंवा वजन वाढणे या तक्रारी काही रुग्णांत कायम राहतात. अशा वेळी दोन चुका संभवतात. एक, मात्रा तत्काळ वाढविणे. दुसरी, तक्रार मनाची म्हणून झिडकारणे. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मात्रेचे गणित

ग्रंथीचे कार्य जवळजवळ संपलेल्या प्रौढास दररोज दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस ही मात्रा ९६, म्हणजे व्यवहारात १०० मायक्रोग्रॅम येते. वृद्ध आणि हृद्रोगी यांच्या बाबतीत मात्र आरंभ याहून पुष्कळ कमी मात्रेने करावा लागतो.

मात्रा योग्य आहे किंवा नाही, याचा निर्णय पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या अवटू-उद्दीपक संप्रेरकाच्या, म्हणजे टीएसएचच्या, रक्तातील पातळीवरून करतात. थायरॉक्सिनच्या पातळीत थोडा फरक पडला तरी टीएसएचमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून हे मापन अतिशय संवेदनशील ठरते. परंतु त्यास काळ द्यावा लागतो. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे नवी मात्रा रक्तात स्थिरावण्यास पाच आठवडे लागतात. सबब मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळेही काही मापनपद्धतींत टीएसएच खोटेच कमी दिसते. ह्या गोळ्या तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवणे इष्ट.

गोळी आणि तिचे शोषण

टीएसएच वाढलेलेच असेल, तर मात्रा अपुरी आहे असे म्हणण्यापूर्वी लिहून दिलेली मात्रा रक्तापर्यंत पोहोचते काय, हे पाहिले पाहिजे. थायरॉक्सिनचे शोषण लहान आतड्यात होते आणि अन्न, कॉफी, सोयाबीन, लोह, कॅल्शियम व आम्लनिरोधक औषधे यांमुळे ते घटते. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. किंवा रात्रीच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी घ्यावी. पहाटे शेतावर निघणाऱ्या स्त्रीने दुधाच्या चहाबरोबरच गोळी घेतली, तर कागदावरील शंभर मायक्रोग्रॅम शरीरात शंभर राहतीलच असे नाही. तिला दिवसाची वेळ बदलून देणे, हे मात्रा वाढविण्याहून श्रेयस्कर होय.

गोळीची साठवणही उपेक्षणीय नाही. थायरॉक्सिन उष्णता, ओलावा व प्रकाश यांनी क्षीण होते. स्थैर्य व सामर्थ्य यांच्या तक्रारींमुळेच अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी १९९७ मध्ये या औषधास नव्याने मान्यता घेणे आवश्यक ठरविले आणि २००७ मध्ये त्याच्या सामर्थ्याची मर्यादा ९५ ते १०५ टक्के इतकी आवळली. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेथे शंभर गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फडताळात महिनोन्‌महिने उघडझाक होत राहिली, तर काय होईल, हा प्रश्न औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य विचारात घ्यावा.

भाकरीविषयीची शंका मात्र वेगळी आहे. बाजरीतील काही फ्लेव्होन द्रव्ये अवटू ग्रंथीच्या कार्यास अडथळा करतात, हे १९८९ मध्ये गैतान व सहकाऱ्यांनी दाखविले. पण हा अडथळा संप्रेरक बनविणाऱ्या ग्रंथीस होतो. ज्याचे संप्रेरक पूर्णपणे गोळीतूनच येते, त्याने या कारणास्तव भाकरी सोडण्याचे प्रयोजन नाही. गोळी आणि भाकरी यांमध्ये अंतर ठेवले म्हणजे पुरे.

गर्भारपण

या विषयातील सर्वांत गंभीर प्रसंग गर्भारपणाचा होय. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीस मातेचेच थायरॉक्सिन आधार असते. मातेची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात पहिल्या अर्ध्या काळात मात्रा सरासरी ४७ टक्क्यांनी वाढवावी लागली. आपल्याकडे याच सुमारास प्रसूतिपूर्व तपासणीत लोह व कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. गरज वाढावी आणि त्याच वेळी शोषण घटावे, असा हा दुहेरी प्रसंग आहे. दोन औषधांत चार तासांचे अंतर ठेवण्याची एक सूचना येथे मोठे काम करते.

टीएसएच योग्य, तरी लक्षणे कायम

टीएसएच योग्य मर्यादेत असूनही ज्यांच्या तक्रारी टिकतात, त्यांच्यात प्रथम अन्य कारणे शोधावीत. रक्तक्षय हे त्यांतील प्रमुख होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत तो आढळला, आणि त्यातील थकवा अवटूच्या थकव्यासारखाच असतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, निद्राविकार, नैराश्य व रजोनिवृत्ती यांचाही विचार करावा. अधिवृक्क ग्रंथीचा क्षय असल्यास थायरॉक्सिन वाढविणे धोक्याचे ठरते.

थायरॉक्सिनबरोबर त्रिआयोडोथायरोनिन देण्याची सूचना वारंवार केली जाते. १९५२ मध्ये ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनी हे संप्रेरक ओळखले. शरीर ते थायरॉक्सिनपासून स्वतःच बनविते, हे १९७० मध्ये ब्रेव्हरमन व सहकाऱ्यांनी ग्रंथीविरहित रुग्णांत सिद्ध केले. १९९९ मधील एका लहान प्रयोगाने जोड-उपचाराची आशा निर्माण केली. पण २००६ मध्ये अकरा प्रयोगांतील १२१६ रुग्णांचा एकत्र विचार केला असता लाभ दिसून आला नाही. निवडक रुग्णांस तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मर्यादित काळ प्रयोग करून पाहणे, एवढेच आज समर्थनीय आहे.

केवळ लक्षणांसाठी टीएसएच दडपले जाईपर्यंत मात्रा वाढविणे मात्र वर्ज्य समजावे. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तींचे टीएसएच अत्यंत कमी होते, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाच्या कर्णिकांच्या अनियमित स्पंदनाचा धोका सुमारे तिप्पट आढळला, असे १९९४ च्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने दाखविले. रजोनिवृत्त स्त्रियांत अशा अतिमात्रेमुळे अस्थींचाही ऱ्हास होतो.

सारांश, लक्षणे टिकली असता गोळी कशी व केव्हा घेतली जाते, ती कोठे ठेवली जाते, टीएसएच काय सांगते आणि तक्रारीचे मूळ अन्यत्र तर नाही, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. मात्रेतील बदल हे त्यांच्या उत्तरांतून निघणारे शेवटचे पाऊल असावे, पहिले नव्हे.