मच्छरदाणीत कोण झोपते?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रात्रीही भिंती तापलेल्या असतात. मच्छरदाणीत वारा लागत नाही, मूल रडते, आणि आई मच्छरदाणी गुंडाळून ठेवते. आपण याला निष्काळजीपणा म्हणतो. पण असे का घडते, हे नीट पाहू या.

मलेरिया पसरविणारी ॲनॉफिलीस डासाची मादी मुख्यतः रात्री चावते. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तिला अडवते आणि जाळीवर बसल्यास मारतेही. आफ्रिकेतील चाचण्यांचा एकत्रित विचार करता, अशा मच्छरदाण्यांमुळे बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. पाच वर्षांखालील मुलांत मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती पुरेशी नसते, म्हणून त्यांना धोका अधिक.

नागपूरहून सुमारे १७० किलोमीटरवरील गडचिरोली जिल्ह्यात मलेरिया हा जुना प्रश्न आहे. तेथे शासनाने अशा मच्छरदाण्या घरोघरी वाटल्या. परंतु घरात मच्छरदाणी असणे आणि मूल तिच्यात झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मच्छरदाणी न वापरण्याची दोन कारणे जगभर पुन्हापुन्हा आढळतात : उकाडा आणि ‘सध्या डास नाहीत’ ही समजूत. दुसरे कारण फसवे आहे. आजार होण्यास संसर्ग असलेला एकच डास पुरतो. याशिवाय मच्छरदाणी बांधायला खुंटी नसणे, अंगणात किंवा शेतावर झोपणे, माणसांच्या मानाने मच्छरदाण्या कमी असणे, याही अडचणी असतात.

तान्हे मूल आईच्या कुशीत झोपते, म्हणून त्याला बहुधा मच्छरदाणी मिळते. मूल मोठे झाले, किंवा धाकटे भावंड आले, की ते बाहेर पडते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या पाहण्यांत शाळकरी वयाची मुलेच मच्छरदाणीत सर्वांत कमी झोपताना आढळली. म्हणजे वंचित राहणारे मूल आपल्याच वर्गात बसलेले असू शकते!

शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो. म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

वर्गात एक उपक्रम करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने नाव न लिहिता आपल्या घराचा आराखडा काढावा. काल रात्री कोण कोठे झोपले, मच्छरदाणी कोठे होती आणि नसल्यास का नव्हती, हे त्यात दाखवावे. मग वयोगटांनुसार तक्ता करून उपाय मुलांनाच सुचवू द्यावेत : भिंतीत चार खिळे, अंगणातल्या बाजेला चार काठ्या, फाटलेल्या जाळीला टाके. कीटकनाशकाची मच्छरदाणी सावलीत वाळवावी, कारण उन्हाने औषधाचा असर घटतो. आणि ती नदी-तळ्यात धुऊ नये, कारण ते औषध माशांना मारक असते.

मच्छरदाणी वापरा, असे सांगण्याआधी ती का वापरली जात नाही, हे विचारावे. उत्तर बहुधा आईच्या अज्ञानात नसते. ते घराच्या रचनेत, हवेत आणि झोपण्याच्या जागेत सापडते.