नामांकनांचा वाद आणि न पाहिलेले चित्रपट

चित्रपट पुरस्कारांच्या नामांकनांची यादी जाहीर झाली, की तिचा निवाडा मुंबईत होण्याआधीच लोह्यासारख्या गावात होऊन जातो. नांदेड-लातूर रस्त्यावर बसची वाट पाहणारे विद्यार्थी, शाळा सुटल्यावर चहाला टेकलेले दोन शिक्षक, तहसील कचेरीतून बाहेर पडलेला एखादा कारकून असे चार जण जमले, की अमक्याला का घेतले आणि तमक्याला का वगळले, याचा खल सुरू होतो. आवाज चढतात, चहा निवून जातो आणि बसही निघून जाते. ज्यांचा चित्रपटधंद्याशी तिकिटाच्या पैशांपलीकडे काडीचा संबंध नाही, त्यांनी दूरच्या एका यादीसाठी इतक्या हिरिरीने भांडावे, याचे प्रौढ मंडळींना हसू येते. पण हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुणवत्ता कोणी ठरवायची, कोणत्या कसोटीवर ठरवायची आणि ठरवणाऱ्याने कारणे सांगायची की नाहीत, हे प्रश्न नोकरीच्या मुलाखतीपासून विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत सर्वत्र उभे राहतात. तरुण मंडळी ते चित्रपटाच्या निमित्ताने विचारतात, एवढेच.

कुस्ती आणि पशुप्रदर्शन

लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. त्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते आणि पशुप्रदर्शनही भरते. या दोन स्पर्धांतला फरक लक्षात घेतला, तर पुरस्कारांविषयीचा निम्मा गोंधळ दूर होईल. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. हजार माणसे ते उघड्या डोळ्यांनी पाहतात आणि पंचाला फारसे काही ठरवावे लागत नाही. पशुप्रदर्शनातील गोष्ट निराळी. लाल कंधारी वळूला पहिले बक्षीस द्यायचे की देवणीला, हे पंचाच्या जाणतेपणावर अवलंबून असते. एकाला वशिंड भावते, दुसऱ्याला चाल, तिसरा शिंगांची ठेवण पाहतो. तेथेही कुरकुर होतेच. मात्र जनावर सर्वांच्या समोर उभे असते, म्हणून पंचाच्या निकालाला एक मर्यादा आपोआप पडते.

चित्रपटाचा पुरस्कार हा पशुप्रदर्शनाच्या जातीचा निकाल आहे. भांडणारे मात्र तो कुस्तीचा असल्यासारखे भांडतात. ज्याने जास्त गल्ला जमवला तो जिंकला पाहिजे, असे एकाचे म्हणणे, तर ज्याचा अभिनय डोळ्यांत पाणी आणतो तो जिंकला पाहिजे, असे दुसऱ्याचे. दोघांची मोजपट्टीच वेगळी असल्यामुळे बस निघून गेली तरी वाद संपत नाही.

डावलण्याचे प्रकार

डावलणे हा एकच शब्द असला, तरी त्याचे प्रकार अनेक आहेत. पहिला प्रकार असा, की ज्या कलेचा गौरव करायचा तिच्यासाठी यादीत रकानाच नसतो. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा पाचच पुरस्कार होते. पार्श्वगायनाला त्यांत स्थान नव्हते. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला तेव्हा समारंभात गाण्याचा आग्रह लता मंगेशकरांना झाला. पुरस्कार संगीतकाराचा आहे, गायिकेचा नाही, या मुद्द्यावर त्यांनी गाण्यास नकार दिला. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि 'मधुमती'साठी तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला.

दुसरा प्रकार उघड अन्यायाचा. १९७२ सालच्या चित्रपटांसाठीचा संगीताचा पुरस्कार 'बेईमान'ला गेला आणि 'पाकीजा' मागे राहिला. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, १९६८ साली वारले होते. प्राण यांना 'बेईमान'मधील भूमिकेसाठीच सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. गुलाम मोहम्मद यांना डावलल्याच्या निषेधार्थ त्यांनी तो स्वीकारला नाही. स्वतःच्या पदरात पडलेले दान दुसऱ्याच्या हक्कासाठी नाकारणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात थोडीच असतात.

तिसऱ्या प्रकारात दोष कोणाचाच नसतो. १९७५ साली 'दीवार' आणि 'शोले' एकाच वर्षी आले. उत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार 'दीवार'ने नेला आणि 'शोले'च्या वाट्याला केवळ संकलनाचा पुरस्कार आला. तो मिळवणारे संकलक एम. एस. शिंदे मराठी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'उंबरठा'मधील स्मिता पाटील यांच्या भूमिकेविषयी मराठी रसिकांना अजून हळहळ वाटते. पण त्या वर्षी अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार 'उमराव जान'मधील रेखा यांना मिळाला होता. दोन जातिवंत जनावरे एकाच वर्षी यात्रेत आली, तर एकाला दुसऱ्या क्रमांकावर उभे राहावेच लागते.

बहुमताचे गणित

परीक्षक प्रामाणिक असले तरी निकाल निर्विवाद लागतोच असे नाही. समजा, तीन परीक्षक आहेत आणि तीन चित्रपट आहेत. पहिल्या परीक्षकाला 'क' सर्वांत चांगला वाटतो, मग 'ख', मग 'ग'. दुसऱ्याचा क्रम 'ख', 'ग', 'क' असा आणि तिसऱ्याचा 'ग', 'क', 'ख' असा आहे. आता दोन-दोन चित्रपटांची तुलना केली, तर बहुमताने 'क' हा 'ख'पेक्षा सरस ठरतो, 'ख' हा 'ग'पेक्षा सरस ठरतो आणि त्याच बहुमताने 'ग' हा 'क'पेक्षाही सरस ठरतो! कोणालाही विजयी केले तरी दोन परीक्षक दुसऱ्याच एका चित्रपटाकडे बोट दाखवतील. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली हेच व्यापक स्वरूपात सिद्ध केले: तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर पसंतीक्रमांची बेरीज करण्याची एकही पद्धत सर्व वाजवी अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करू शकत नाही.

केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराचे वर्णन करताना वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे आणि ज्याची निवड सर्वांच्या सरासरी आवडीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत कोणीही स्वतःला आवडलेला चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल, याचा अंदाज घेत बसतो. ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडताना नेमके हेच घडते. एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा असल्यामुळे निवड समितीपुढे दोन प्रश्न एकदम उभे राहतात: उत्तम कोणता आणि तिकडच्यांना रुचेल कोणता? २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले असतानाही समितीने 'लापता लेडीज' निवडला. डिसेंबरमध्ये पंधरा चित्रपटांची यादी लागली, तेव्हा 'लापता लेडीज' तिच्यात नव्हता. निवडीची कारणे सांगणाऱ्या पत्रकाची भाषाही चेष्टेचा विषय झाली. 'लापता लेडीज' वाईट होता, असे यावरून सिद्ध होत नाही आणि दुसरा चित्रपट जिंकलाच असता, असेही नाही. मात्र समितीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे लोकांना कळले नाही, ही तक्रार रास्त आहे.

पन्नास वर्षांचे अंतर

मराठी माणसाला या विषयाचा चटका अधिक बसतो, त्याला इतिहास आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५३ सालच्या चित्रपटांतून, आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे परत यायला २००३ सालचे पुरस्कार उजाडावे लागले. पन्नास वर्षांच्या या अंतरात 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा' हे चित्रपट येऊन गेले होते.

तो मान परत आणला संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने. पुढे तोच भारताच्या वतीने ऑस्करसाठी गेला आणि एक नवीनच गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या लक्षात आली. चित्रपट चांगला असून भागत नाही. तो परीक्षकांच्या डोळ्यांपुढे नेण्यासाठी खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात आणि त्यांना डॉलर लागतात. शाळकरी मुलांपासून संस्थांपर्यंत अनेकांनी त्यासाठी वर्गणी दिली. अंतिम पाचांत 'श्वास' आला नाही. २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि २०१५ साली 'कोर्ट' हेही चित्रपट भारताच्या वतीने गेले आणि नामांकनाविना परतले. ज्या बाजारात माल दाखवण्याचाच खर्च माल तयार करण्याच्या खर्चाला आव्हान देतो, तेथे नामांकन ही केवळ गुणवत्तेची पावती राहत नाही. ती काही अंशी ऐपतीचीही पावती असते.

तरीही छोट्या चित्रपटाला नामांकनाची गरज मोठ्या चित्रपटापेक्षा जास्त असते. प्रख्यात नटाचा चित्रपट आपल्या नावावर चालतो. नवख्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात काय आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नसतो. पुरस्कार हीच त्याची एकमेव पाटी. म्हणून डावलले जाण्याने मोठ्याचा मान दुखावतो, पण लहानाचे पोट मारले जाते.

खरे डावलणे कोठे?

येथवर प्रेक्षकाची बाजू झाली. आता त्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या चित्रपटांसाठी चहाच्या टपरीवर आवाज चढतात, त्यांतले किती भांडणाऱ्यांनी पाहिलेले असतात? प्रामाणिक उत्तर फारसे सुखावह नाही. यादीतील दोन-तीन चित्रपट पाहिलेले, बाकीच्यांची झलक मोबाइलवर पाहिलेली आणि मत मात्र सर्वांविषयी ठाम. अर्थात हा दोष एकट्या लोह्याचा नाही. ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे दहा हजारांवर सभासद आहेत. अंतिम मतदानापूर्वी त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असा नियम त्या संस्थेला २०२५ साली करावा लागला. तोवर न पाहताही मत देता येत होते, असाच त्याचा अर्थ.

लोह्याच्या प्रेक्षकाला मात्र एक सबब आहे आणि ती खरी आहे. चित्रपट त्याच्यापर्यंत येतच नाहीत. बहुपडदा चित्रगृहांनी मोक्याच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा, असा आग्रह राज्य सरकारने २०१५ साली धरला. पण जेथे बहुपडदा चित्रगृहच नाही, तेथे त्या नियमाचा उपयोग काय? 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आधी मिळाला आणि चित्रगृहांत तो नंतर आला. तालुक्याच्या गावी असे चित्रपट आलेच तर आठवडाभरात उतरतात. तेव्हा परीक्षकांनी डावलण्याच्या कितीतरी आधी वितरणाच्या व्यवस्थेने चित्रपटाला आणि प्रेक्षकाला, दोघांनाही डावललेले असते. त्या डावलण्याची यादी कोठेही प्रसिद्ध होत नाही, म्हणून तिच्यावर वादही होत नाही.

वाद करून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी पूर्वीचे दाखले आठवावेत. २००८ सालच्या 'द डार्क नाइट'ला उत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले नाही, म्हणून जगभर ओरड झाली. पुढच्याच वर्षी त्या विभागातील जागा पाचाच्या दहा झाल्या. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्या कलावंतांनाच मिळाली, तेव्हा उठलेल्या टीकेमुळे संस्थेला आपल्या सभासदत्वाचे दार रुंद करावे लागले. लताबाईंच्या नकारानंतर रकाना निर्माण झाला, हे वर आलेच आहे. वादाने निकाल बदलत नाही; पुढचा नियम मात्र बदलू शकतो.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. सरकारी पुरस्कारांच्या परीक्षकांनी प्रत्येक निवडीमागची कारणे चार ओळींत का होईना, पण विचारपूर्वक लिहून प्रसिद्ध करावीत. ज्या चित्रपटांना जनतेच्या पैशातून पुरस्कार मिळतात, ते वर्षाच्या आत प्रत्येक तालुक्याच्या गावी एकदा तरी दाखवण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी. महाविद्यालयांनी तर शासनाची वाटही पाहू नये. एक सभागृह, एक पडदा आणि महिन्यातून एक सायंकाळ एवढ्या भांडवलावर, निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन, चित्रपट मंडळ चालू शकते. पुढच्या वर्षी 'श्यामची आई'चे उदाहरण घेऊन वाद घालता येईल: १९५३ सालच्या चित्रपटाला सुवर्णपदक मिळाले आणि २०२३ सालच्या नव्या 'श्यामची आई'ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर विद्यार्थ्यांना जे सुचेल, ते कोणत्याही यादीपेक्षा मोलाचे असेल.

माळेगावच्या यात्रेत पंचाचा निकाल न पटलेला शेतकरी आधी वळूभोवती एक फेरी मारतो, दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि मगच पंचाला बोल लावतो. तो हक्क त्याने डोळ्यांनी मिळवलेला असतो. लोह्यातील चित्रपटरसिकाला असा हक्क मिळायचा, तर त्याच्यासमोर आधी चित्रपट उभा राहिला पाहिजे.